बिघाडाचे मेजर

सातारा जिल्ह्यात फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. खांद्यावर काय होतं, हे विचारायची पद्धत नाही. औंधच्या स्टँडजवळ चहा पीत बसलेले आमचे मेजर पलटणीत आर्मोरर होते. लढणारे लढले, यांनी त्यांच्या अडकलेल्या रायफली सोडवल्या.

अशा माणसाला औंध हे गाव तसं गैरसोयीचंच. इथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी रयतेकडून सूर्यनमस्कार घालून घेतले, 1939 साली गांधीजींच्या सल्ल्यानं कारभार लोकांच्या हाती दिला आणि वर आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंत नाही, बंदूकवाला पहारेकरी नाही. ‘म्हंजे आर्मोररची पोस्टच गेली की!’ मेजरांनी राजांना याबद्दल अजून माफ केलेलं नाही.

तरी अधूनमधून गिऱ्हाईक येतं. परवा एक बागायतदार आला. वारशानं आलेली, रीतसर परवान्यावर चढवलेली पॉइंट टू-टूची सेमी-ऑटोमॅटिक रायफल. एक गोळी उडते आणि पुढं सगळं ठप्प. मेजर हत्याराला हात लावत नाहीत. ‘हात लावंल परवानेवाला दुकानदार. मी फकस्त निदान करणार. मॅगझीन काढलं होतंस? चेंबर खाली हाय का, डोळ्यानं बघितलंस? मग बोल.’

पहिला प्रश्न ठरलेला : ‘माल कुठला?’

बागायतदारानं स्वस्तातली मंद काडतुसं आणली होती. मेजरांनी कपाळावर हात मारला आणि मग त्यांचं खरं व्याख्यान सुरू झालं. या रायफलीत गॅसबिस भानगड नसते. गोळी पुढं जाते, रिकामी पुंगळी मागं रेटते, तिच्या रेट्यानं बोल्ट मागं सरकतो आणि पुंगळी बाहेर फेकतो. मग स्प्रिंग त्याला पुढं ढकलते आणि येताना तो नवं काडतूस आत नेतो. रेटा कमी पडला की बोल्ट अर्ध्या वाटेतच परततो आणि पुंगळी खिडकीत उभी राहते. ‘आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसात कांस्य घेतलं, ती बी पॉइंट टू-टूच. पर ती दर गोळीला हातानं भरायची. तिला ध्वनीपेक्षा मंद गोळी चालती. तुझी आपोआपवाली हाय, तिला रेटा नको व्हय?’

दुसरा प्रश्न : ‘चिंदी कधी मारलीस?’ म्हणजे आतून साफ कधी केलीस. या गोळ्यांच्या शिशावर मेण किंवा ग्रीस असतं. ते आणि जळक्या दारूची काजळी चेंबरमध्ये थापून बसते. मग पुंगळी चिकटते, एक्स्ट्रॅक्टरचं नख तिच्या कडेवरून घसरतं. बागायतदार अभिमानानं म्हणाला, तेल भरपूर घातलंय. कुठलं? शेंगतेल. मेजर बराच वेळ यमाईच्या डोंगराकडं बघत राहिले.

पुढचं झपाट्यानं झालं. मॅगझीनचे ओठ वाकलेत का, हे दुसरं मॅगझीन लावून बघ. गोळी उडाली नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून तीस मोज, मगच बोल्ट ओढ. बाहेर आलेल्या काडतुसाच्या कडेवरची खूण बघ. या जातीत पेटणारा मसाला कडेतच असतो, खूण उथळ तर फायरिंग पिनकडं बघायचं. आणि रिकाम्या चेंबरवर उगाच ट्रिगर दाबत बसू नकोस, पिन चेंबरच्या काठावर आपटते आणि काठ बसतो.

इथपर्यंत मेजर शंभर टक्के बरोबर असतात. पंचाईत अशी की जगातला प्रत्येक बिघाड त्यांना पॉइंट टू-टूचाच वाटतो. औंधच्याच राजांनी 1910 साली जागा दिली म्हणून किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथला पंप शेजाऱ्याच्या विहिरीवर बंद पडला, तर मेजर विचारतात, ‘माल कुठला?’ म्हणजे वीज. जावई रुसला की ‘चेंबरमध्ये घाण’. सोसायटीच्या चेअरमनबद्दल मात्र त्यांचं निदान अख्ख्या गावाला पटलं : ‘जुनी पुंगळी भाईर पडंना, नवं काडतूस आत जाईना. दोन्ही तोंडाशी अडकल्यात.’ चेअरमन तेव्हापासून त्यांना रामराम घालत नाहीत.

चालू वस्तूत मेजरांना रस नाही. तो बागायतदार पुन्हा आला, पेढे घेऊन. चांगली काडतुसं आणली, दुकानदाराकडून साफ करून घेतली, आता अख्खं मॅगझीन न अडता जातंय म्हणाला. मेजरांचा चेहरा पडला. पेढा खाल्ला, मग हळूच म्हणाले, ‘थांब जरा. पावसाळा येऊ दे.’

तेव्हा औंधला राजांचं संग्रहालय बघायला आलात आणि तुमची गाडी झकास चालत असली, तरी मेजरांना तसं सांगू नका. चढाला जरा खोकते म्हणा. चहाचे पैसे ते देतात.