एकट्याचा विभाग

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत बी.ए. व्हायला कुणाला पुण्याचं तोंड बघावं लागत नाही. यांतल्या कुठल्याही कॉलेजात शिरा, कला शाखेच्या व्हरांड्यात एका दारावर 'इतिहास विभाग' अशी पाटी सापडतेच. आत एक टेबल, तीन खुर्च्या, शिवनेरीचा फोटो आणि सर. मी ज्या सरांबद्दल लिहितोय ते जुन्नर तालुक्यातले. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या कॉलेजांतले सर म्हणतील, 'आम्हांला का वगळलं?'

कधीकाळी विभागात तिघं होते. एक निवृत्त झाले, दुसरे प्राचार्य होऊन दुसरीकडे गेले. त्या जागा रिकाम्या झाल्या त्या झाल्याच. कधी भरतीला शासनाची परवानगी नसते. परवानगी आली तर आरक्षणाची बिंदुनामावली तपासायची राहिलेली असते, आणि ती तपासून होईपर्यंत परवानगीची मुदत संपते. त्यामुळे सर आज विभागप्रमुख आहेत, विभागातले सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक आहेत आणि सर्वांत तरुणही तेच. बाकीच्या दोन खुर्च्यांवर उत्तरपत्रिका बसतात.

इतकी वर्षं एकट्यानं विभाग चालवल्यामुळे सर आता स्वतःच्या वतीनं बोलतच नाहीत. 'विभागाचं असं मत आहे,' 'विभागाला काल ताप होता,' असं चालतं. घरी बाईंनी मेथी आणायची का म्हणून विचारलं, तर 'विभागाचा आक्षेप नाही' हे उत्तर मिळतं. बाईंनाही सवय झाली आहे. त्या शेजारणीला सांगतात, 'विभाग अजून अंघोळीला गेला नाही.'

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी विभागीय बैठक असते. सर आदल्या दिवशी नोटीस काढतात : 'सर्व सदस्यांनी वेळेवर उपस्थित राहावे.' शिपाईमामा नोटिशीची वही घेऊन येतात, सर वाचल्याची सही करतात, मामा वही घेऊन जातात. या कामाला मामांना चार पावलं चालावी लागतात, पण ती चालल्याशिवाय नोटीस बजावली असं होत नाही. बैठकीत मागील इतिवृत्त वाचून कायम केलं जातं. ठराव येतो. सूचक सर असतात. अडचण येते ती अनुमोदकाची, कारण एकच माणूस दोन्ही असून चालत नाही. म्हणून भूगोलाचे सर अनुमोदनापुरते येतात. त्यांचाही विभाग एकट्याचाच आहे, त्यामुळे परतफेड म्हणून इतिहास भूगोलाला अनुमोदन देतो. एकदा भूगोल परीक्षेच्या ड्युटीवर होता. सरांनी सभा गणपूर्तीअभावी तहकूब केली आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा घेतली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मधल्या अर्ध्या तासात सर खरोखर बाहेर जाऊन चहा पिऊन आले. नुसतं बसून राहिले असते तर सभा तहकूब झाली असं म्हणता आलं नसतं.

हसू नका. या सगळ्यामागे नॅक आहे. 1994 साली बेंगळुरूत कॉलेजांचं मूल्यांकन करणारी ही संस्था स्थापन झाली आणि तेव्हापासून देशभरातल्या कॉलेजांची झोप तिच्या ताब्यात आहे. सात निकष, त्यांत प्रत्येकाचे उपनिकष, आणि प्रत्येक गोष्टीचा पुरावा : फोटो, तारीख, सह्या. शिकवलं का, हा प्रश्न तसा गौण. शिकवल्याचं कुठे दिसतं, हा मुख्य. इतर विषयांचे प्राध्यापक याला वैतागतात. सर वैतागत नाहीत. पुरावा नसेल तर घटना घडली असं म्हणायचं नाही, हे त्यांना इतिहासाच्या पहिल्याच वर्गात शिकवलेलं. त्यांच्या दृष्टीनं नॅक म्हणजे उशिरा का होईना, सरकारला सुचलेली इतिहासाची शिस्त.

नॅकला कॉलेजच्या दोन 'बेस्ट प्रॅक्टिस' लागतात. प्राध्यापकांची अदलाबदल ही त्यांतली एक म्हणून नोंदवली आहे. शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजशी सामंजस्य करार झाला. तिथलेही सर एकटेच. ठरलेल्या दिवशी तिथले सर इकडे येतात, आमचे तिकडे जातात, आणि दोघंही पेशवाईचा अस्त शिकवतात. मुलांना फरक जाणवतो तो इतकाच की पाहुणे सर खडू पूर्ण वापरतात. परतताना दोघांची गाठ मंचरच्या एसटी स्टँडवर पडते. तिथल्या चहाचा फोटो दोन्ही कॉलेजांच्या अहवालात 'शैक्षणिक संवाद' म्हणून छापलेला मी पाहिला आहे. मागे एसटीची पाटी स्पष्ट दिसते, म्हणजे स्थळाचाही पुरावा झाला.

राष्ट्रीय चर्चासत्राची गोष्ट जरा नाजूक आहे. सत्र राष्ट्रीय व्हायचं तर परराज्यातला वक्ता हवा. प्रवासखर्च कमी, मराठी बोलणारा आणि परराज्यातला, असा माणूस एकाच ठिकाणी मिळतो : बेळगावला. एरवी सर सीमाप्रश्नावर पेटून बोलतात. महाराष्ट्राचा 865 गावांवरचा दावा आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला खटला ते वर्गात तासभर सांगतात. बेळगाव आपलंच, यात त्यांना शंका नाही. फक्त चर्चासत्राचे दोन दिवस ते कर्नाटकात राहू द्यावं, एवढीच त्यांची विनंती असते.

जून उजाडला की सर शिकवणं बाजूला ठेवून मोटरसायकलवर बसतात. प्रवेश कमी झाले तर तासिका कमी होतात, तासिका कमी झाल्या तर उरलेली एक जागाही धोक्यात येते. पश्चिमेकडच्या महादेव कोळी वाड्यांवर जाऊन सर आईबापांसमोर बसतात. 'पोरीला इतिहास घ्यायला सांगा' म्हणताना त्यांच्या आवाजात लग्नाचा मध्यस्थ शिरतो. नव्या शैक्षणिक धोरणानं मेजर आणि मायनर आणल्यापासून हे काम अवघड झालं आहे. मागे एका बापानं विचारलं, 'सर, थोरली मेजर झाली, मग धाकटीला मायनरच का?' सरांनी पाऊण तास समजावलं. शेवटी बाप म्हणाला, 'दोघींना सारखंच द्या, घरात भांडणं नकोत.'

प्रवेश होतात, पण हजेरी हा वेगळा विषय आहे. जुलैत भाताच्या आवणीला वर्ग ओस पडतो, हिरड्याच्या हंगामात डोंगरातली पोरं दिसत नाहीत आणि कांदा निघाला की खालची. सर रागवत नाहीत. त्यांच्या डायरीत विद्यापीठाच्या वेळापत्रकाशेजारी पिकांचं वेळापत्रक लिहिलेलं आहे, आणि अंतर्गत परीक्षा कुठल्या आठवड्यात घ्यायची हे ते दुसऱ्यावरून ठरवतात. तालुक्यातल्या शिक्षणाला काही अक्कल असेल तर ती या डायरीत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सरांना चकवणारं कारण एकच : 'बिबट्या आडवा आला, सर.' जुन्नरच्या उसात बिबटे आहेत, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे, त्यामुळे हे खोटं आहे असं छातीठोकपणे कुणालाच म्हणता येत नाही. सरांनी एकदा एका मुलाकडे फोटो मागितला. त्यानं खरोखर दाखवला. तेव्हापासून विभाग बिबट्याबाबत पुरावा मागत नाही.

स्टाफरूममध्ये सरांची किंमत मोसमाप्रमाणे बदलते. फेब्रुवारीत, 19 तारखेच्या आगेमागे, ते सर्वांत मोठे. पाच-पाच व्याख्यानांना बोलावणी, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी एक म्हातारा उठून शिवजयंती तारखेनं की तिथीनं हे विचारणारच. मे महिन्यापासून मात्र वाणिज्यचे सर मोठे होतात, कारण त्यांची टोमॅटोची शेती आहे. 2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला, तेव्हा वाणिज्यचे सर सही करायलाच तेवढे येत होते. स्टाफरूममध्ये सगळे उभे राहून त्यांना खुर्ची देत होते. पीएच.डी.ला असा मान मिळालेला मी पाहिलेला नाही.

क्षेत्रभेट वर्षातून एकदा असते. अनुदान नाही, मुलांकडे पैसे नाहीत, म्हणून ठिकाणं दोनच : लेण्याद्री किंवा नाणेघाट. लेण्याद्रीला गेलं की तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून अर्धी मुलं गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन अभ्यास संपला असं समजतात. ते देऊळ मुळात बौद्ध लेणं आहे, सातव्या क्रमांकाचं, हे ऐकायला उरलेली अर्धी थांबतात, कारण त्यांना धाप लागलेली असते.

नाणेघाटाची गोष्ट निराळी. पावसाळ्यात तिथे वाऱ्यानं उलटा उडणारा धबधबा असतो, त्यामुळे मुलं रील काढण्यात गुंग असतात. सर एकटेच लेण्यात शिरतात. भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत कुणाला किती गाई दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती हजार कार्षापणं, असा तो दक्षिणेचा हिशेब. त्यातले अंक भारतातल्या अगदी जुन्या अंकांमध्ये मोजले जातात. सर बोट फिरवत वाचायला लागतात आणि हळूहळू एकेक मूल आत येतं. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांची नावं कोरलेली आहेत. नावांखाली पुतळे होते, आता कुठे कुठे फक्त पावलांच्या खुणा उरल्यात. 'बघा,' सर म्हणतात, 'पदं मंजूर आहेत. माणसं नाहीत.' हा विनोद ते दर वर्षी करतात आणि दर वर्षी मुलांना कळत नाही. पण मग ते वह्या मागवतात आणि प्रत्येकाचं नाव ब्राह्मीत लिहून देतात. 'मी बी.ए.ला असताना इथे आलो होतो, मला काही कळलं नव्हतं,' असं सांगतात. त्या लेण्यात विभाग बोलत नाही. सर बोलतात. परतीच्या गाडीत पोरं हातावर पेननं आपापली नावं ब्राह्मीत गिरवत असतात, आणि त्याचा फोटो काढायचं नेमकं राहून जातं.

गेल्याच्या गेल्या वर्षी विभागात क्रांती झाली. तासिका तत्त्वावर एक मॅडम आल्या. सरांनी स्वतः कपड्यानं पुसून एक खुर्ची मोकळी केली. पहिली बैठक लागली. क्षेत्रभेटीचा विषय आला, सरांनी लेण्याद्री सुचवलं आणि अनुमोदनासाठी सवयीनं भूगोलाच्या दाराकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, 'सर, मला वाटतं या वेळी आंबेगाव करावं.' ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. तिथून उठलेली म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांना मुलांनी बोलतं करावं, त्यांचं सांगणं टिपून घ्यावं, असा मॅडमचा प्रस्ताव होता.

'पण तिथे बघायचं काय? पाणी?' सर म्हणाले.

'ऐकायचं, सर.'

सरांना विरोधी मताची सवय नव्हती. त्यांनी मतदान घेतलं. एक विरुद्ध एक. अध्यक्षांचं निर्णायक मत बाकी होतं आणि अध्यक्ष तेच होते. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि ते मत स्वतःच्या विरोधात टाकलं. मॅडमला वाटलं, सरांना पटलं. भूगोलाच्या सरांना त्यांनी नंतर खरं कारण सांगितलं : 'अहो, मतभेद झाले, मतदान झालं, प्रमुखाचा पराभव झाला! सहभागी व्यवस्थापनाचा यापेक्षा भक्कम पुरावा कोणत्या कॉलेजकडे आहे?' क्षेत्रभेट झाली. चौदाएक म्हाताऱ्यांचं बोलणं मुलांच्या मोबाइलवर आलं, आणि जत्रा कुठे भरायची, कुणाचा वाडा कुठे होता, याचा हातानं काढलेला एक नकाशा विभागाच्या भिंतीवर शिवनेरीशेजारी लागला. सर येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवतात आणि 'मॅडमचं काम' असं सांगतात, हेही नोंदवलं पाहिजे.

सत्र संपलं तशी मॅडमची नेमणूक संपली. त्यांचं शेवटच्या तीन महिन्यांचं मानधन दिवाळीच्या सुमाराला आलं, तोवर त्या नाशिककडे एका शाळेत लागल्या होत्या. विभाग पुन्हा एकट्याचा झाला. बैठका मात्र पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. परवा सहज वही चाळली. ताज्या इतिवृत्तात लिहिलं होतं : 'विषय क्र. 4. लेण्याद्री भेटीचा प्रस्ताव मांडण्यात आला. त्यास विभागातूनच तीव्र विरोध झाला. बराच काळ खडाजंगी झाल्यानंतर प्रस्ताव मागे घेण्यात आला. उपस्थिती : 1.'