बेपत्ता पत्ता

कशेडी घाटाखालच्या वाडीचा पत्ता बँकेत चालत नाही. आधारवर एक काना जास्त, रेशनकार्डावर एक कमी. बिटकॉइनच्या वॉलेटचा पत्ता मात्र निर्दोष! वाडी नाही, तालुका नाही, मालकाचं नाव तर नाहीच. नुसती अक्षरं-आकड्यांची माळ. सरकारनेही कदर केली. ७ मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला; कोणत्या माळेमागे कोण, हे आता त्यांनी नोंदवायचं.

तेव्हा नम्र सूचना : पोलादपूर तालुक्यातल्या प्रत्येक घराला असाच पत्ता द्यावा. दरड कोसळली तरी तो जागचा हलणार नाही. पोस्टमनला सापडणार नाही, पण आयकर खात्याला सापडेल. शेवटी महत्त्वाचं काय?

गैरव्यवहाराची भीती नको. पुण्यात २०१८च्या बिटकॉइन घोटाळ्यात पोलिसांनी दोन सायबर तज्ज्ञांची मदत घेतली होती. त्यांनी वॉलेटं अगदी आपली समजून तपासली असावीत, कारण २०२२ मध्ये त्याच दोघांना अटक झाली. आरोप : नाणी परस्पर वळवल्याचा.

बाकी नियम सोपा आहे. नफ्यावर कर ३० टक्के. तोटा ज्याचा त्याने सोसायचा.