विनाकारण बसू नये

मोर्शीच्या त्या खानावळीत भिंतीवर एक पाटी आहे : ‘विनाकारण बसू नये’. मालकाचा विनोदाशी काही संबंध नाही, पाटी त्याने गंभीरपणेच लावली आहे. पण तिच्याखाली पाऊण तास काढला की माणूस आपल्या बसण्याचं कारण शोधू लागतो. कारण आत चुलीवर असतं आणि बाहेर यायला तयार नसतं.

खानावळीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर गर्दी वाढेल आणि माझी भाकर आणखी लांबेल. अमरावतीची माणसं सुटीच्या दिवशी ‘सिंभोऱ्याचं धरण पाहून येतो’ म्हणून निघतात. अप्पर वर्धाचं ते धरण, त्याची तेरा दारं, पलीकडे समुद्रासारखं पसरलेलं पाणी हे सगळं पाहायला, फोटोसकट, फार तर अर्धा तास पुरतो. उरलेला दिवस जेवणाच्या नावाने राखून ठेवलेला असतो. परतल्यावर शेजारी विचारतात, “धरण भरलं का?” आपण सांगतो, “पाटोडी लय भारी होती.”

खानावळीत शिरताना सगळं फार आशादायक असतं.

“काय हाये जेवाले?”

“सारंच हाये भाऊ. तुमाले काय पायजे ते सांगा.”

“किती वेळ लागन?”

“वेळ कायचा लागते! बसा न तुमी.”

या ‘बसा न’मध्ये इतकी माया असते की माणूस बसतोच. लगेच पाण्याचा जग येतो. कांदा-लिंबाची प्लेट येते, वाटीत हिरव्या मिरचीचा ठेचा येतो. इथेच नवखा फसतो. त्याला वाटतं, कांदा आला म्हणजे जेवण मागोमाग आहे. तो भुकेच्या भरात कांदा संपवतो, बोटाने ठेचा चाटतो, मग तोंडाची आग विझवायला निम्मा जग रिकामा करतो. जाणकार गिऱ्हाईक कांद्याला हातसुद्धा लावत नाही. ठेच्याकडे तर पाहतही नाही.

थोड्या वेळाने खानावळीतला पोट्टा मोटरसायकल काढून कुठेतरी जातो. आपल्याला वाटतं, त्याच्या घरचं काही काम असेल. बऱ्याच वेळाने तो जुडीभर हिरवागार सांबार घेऊन परततो आणि तेव्हा उलगडा होतो की आपल्या रश्श्यावर भुरभुरायची कोथिंबीर आत्ता बाजारातून आली, म्हणजे रस्सा त्याच्याही मागे आहे. “काहून रे, अजून किती?” असं विचारलं तर तो धावत धावतच सांगतो, “झालंच समजा काका.” आपण समजतो. समजण्यापलीकडे आपल्या हातात असतं तरी काय?

एकदा मी न राहवून आत डोकावलो. चुलीपुढे एक मावशी बसल्या होत्या. परातीत ज्वारीचं पीठ, शेजारी उकळत्या पाण्याचं भगोणं. मावशींनी मूठभर पीठ ओढलं, पाणी ओतलं, तळव्याने रगडून रगडून मळलं, गोळा केला आणि थापायला घेतला. बोटांच्या तालावर भाकर परातीत गोल गोल फिरत मोठी होत गेली. मग ती तव्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरला, उलटली आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरावर उभी राहिली. तिथे ती टम्म फुगली. जाळ पऱ्हाट्यांचा. पऱ्हाटी भुर्रकन पेटते आणि भुर्रकन विझते, म्हणून मावशींचा एक हात भाकरीत तर दुसरा चुलीत. एक चूल, एक तवा, एक मावशी. बाहेर आमच्यासारखी चार टेबलं, आणि प्रत्येक टेबलाला भाकर गरमच पाहिजे.

“बाई, जरा आधीच थापून ठेवत जा न,” मी म्हणालो.

मावशींनी मान वर न करता सांगितलं, “थंडी भाकर तुमच्या घरी भेटन भाऊ. इथं कायले आले मंग?”

मी निमूट टेबलावर परतलो. ज्वारीची भाकर पोळीसारखी डब्यात निजवून ठेवता येत नाही, निवली की चिवट होते. हायवेवरच्या हॉटेलात दहा मिनिटांत तीन भाज्या येतात, कारण तिन्हींचा रस्सा सकाळीच एका पातेल्यात शिजून ठेवलेला असतो. वर पनीर टाकलं की एक, काजू टाकले की दुसरी.

शिवाय या मुलखाला घाईची सवय नाही. मोर्शी-वरूड म्हणजे संत्र्याचा पट्टा. कलम लावल्यावर पाचेक वर्षं झाडाचं तोंड बघत बसायचं. पुढेही आंबिया बहाराला फूल येतं जानेवारी-फेब्रुवारीत आणि फळ उतरतं दिवाळीच्या आगेमागे. व्यापाऱ्याचे पैसे कधी उतरतात, तो वेगळा बहार. अशा शेतकऱ्यापुढे “पाऊण तास झाला हो” म्हणून कुरकुरायला लाज वाटते.

याच तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तिथे श्रीगोविंदप्रभू घरोघर फिरत आणि मनाला येईल त्या घरी खायला मागत. लोक त्यांना कौतुकाने वाढत. ‘बसा न’ म्हणून त्यांना कुणी ताटकळत ठेवल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. पण ते प्रभू होते, आपल्याला नंबर लावावा लागतो. त्याच रिद्धपुरात म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं आणि तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं २०२४ साली. विद्यापीठाला सातशेच्या वर वर्षं लागली. त्या हिशेबाने आमच्या मावशी फारच चपळ.

आणि मग जेवण येतं. पाटोडीचा रस्सा, वर लालभडक तर्री. आतली पाटोडी बेसनाची, बोटाने दाबली तर मोडावी आणि रश्श्यात मात्र अख्खी राहावी, अशी. भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात कांद्याची पात. भाकरीचा पोपडा उचलला की आतून वाफ निघते. तक्रारीची सगळी वाक्यं तोंडात तयार असतात, पण तोंड रिकामं नसतं. सगळ्यांचे कान लाल, नाकं वाहती, आणि तरी पोट्ट्याला हाक : “अजून एक रस्सा आन बे!”

बिल मागितलं की कळतं, मालक नुकताच जेवायला बसला आहे. “हिशोब काय पळून राह्यला का भाऊ?” तोही मावशींच्याच हातची भाकर खात असतो, आणि ती त्यालाही उशिराच मिळालेली असते. या खानावळीत पक्षपात नाही.

तेव्हा जायचं तर माहुली जहागीर ओलांडतानाच फोन करून रस्सा सांगून ठेवा. उपाशीपोटी जाऊ नका, घरून थोडं खाऊन निघा. शुगर असणाऱ्याने खिशात बिस्किटांचा पुडा ठेवावा. भाकर मात्र तुम्ही बसल्यावरच थापली जाईल. त्यावर इलाज नाही, आणि कुणी शोधलाच तर कृपा करून मावशींना सांगू नका.