सोळा ओळींत मराठी बसवण्याची रीत

भाच्याने पेणजवळच्या गडबला हायवेलगत वडापावची गाडी टाकली आणि तिच्यावर पळत्या अक्षरांचा एलईडी बोर्ड चढवला. "मामा, रेट्रो लुक हवाय. जाड, चौकोनी, जुन्या व्हिडिओ गेममधल्यासारखी अक्षरं." मी जन्मभर ब्रशने पाट्या रंगवल्या. तेव्हा हे मार्गदर्शन त्याच्यासाठी. इतरांनी वाचलं तरी चालेल.

आधी जागा मोजावी. बाजारातलं पी-१० मोड्यूल म्हणजे आडवे ३२ दिवे, उभे १६. इंग्रजी कॅपिटल अक्षर सात-आठ ओळींत सुखाने नांदतं. आपलं एकत्र कुटुंब. माळ्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार; खाली उकार. वर चार ओळी, जाड शिरोरेषेला दोन, खाली तीन दिल्या की खुद्द अक्षराला उरतात सात. आणि पेणच्या माणसाला लिहायचं काय, तर 'मूर्ती'! दीर्घ उकार, रफार, वेलांटी, सगळं बिऱ्हाड एकाच शब्दात. हमरापूरचा कारागीर मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना केसाएवढी रेघ ओढतो. इथे अर्धा दिवा पेटवता येत नाही.

जाडी बेताने वाढवावी. 'घ' आणि 'ध' यांत फरक शिरोरेषेतल्या खिंडीचा. ती बुजली की 'धन्यवाद'चा 'घन्यवाद' होतो आणि 'भजी'ची 'मजी'. 'ब'च्या पोटातली तिरपी रेघ दोन दिव्यांची केली की पोट भरून जातं; काढून टाकली तर गावाचं नाव 'गडव'. तिथे हट्ट सोडावा, ती रेघ एकाच दिव्याची ठेवावी. आधी आलेखाच्या वहीत चौकोन भरावेत, वही भिंतीला टेकवून दहा पावलं मागे जावं, डोळे अर्धवट मिटावेत. वाचता आलं तरच दिवे पेटवावेत.

ही अक्षरं फक्त नावाला. दरपत्रकाला नकोत, दशक्रियेच्या पत्रिकेला तर नकोतच.

वेगाची चिंता नसावी. या हायवेवर गाडीवाल्याला वाचायला भरपूर वेळ मिळतो.

आणि रेट्रो म्हणे! नऊ पिनांच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने टोचून काढलेली बिलं आम्ही उजेडाकडे धरून वाचली आहेत. हौस नव्हती ती.

शेवटचं, शब्दांचा क्रम. भाच्याचा बोर्ड दोन मोड्यूलचा, ६४ रकान्यांचा. मजकूर 'घरपोच: गडब डोलवी वडखळ'. अक्षरं उजवीकडून शिरतात, म्हणजे 'डोलवी'चा 'ड' आधी येतो, त्याचा काना-मात्रा मागाहून. दोन शब्दांतलं अंतरही त्याने चिमटीएवढं ठेवलंय. त्यामुळे दर फेरीला क्षणभर बोर्डावर ठळक झळकतं: 'गडबड'.

मी म्हटलं, "डोलवीच्या आधी वडखळ घे." तो म्हणाला, "मामा, लोक त्याचाच फोटो काढायला थांबतात."

बोर्ड तसाच आहे. वडा मात्र चांगला असतो.