खुर्ची मिळाली, आता प्रशिक्षणाला चला

सर्वप्रथम अभिनंदन. काल दुपारपर्यंत तुम्ही भूगोलाचे सर होता, आज सकाळपासून मुख्याध्यापक आहात. एका रात्रीत तुमच्यात असा कोणता बदल झाला, असे कुणी विचारलेच तर सेवाज्येष्ठता यादी दाखवा. खासगी शाळांसाठीची १९८१ ची सेवाशर्ती नियमावली पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अनुभव मागते. पुढचे काम यादीत तुमच्या वर असलेला माणूस निवृत्त झाला की आपोआप होते. शाळा चालवता येते का, असे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ते नंतर शिकवतात. ही प्रवेशिका त्या 'नंतर'साठी आहे.

तत्पूर्वी एक गोष्ट. तुमचे पहिले प्रशिक्षण शाळेतच होईल आणि ते शिपाई देईल. चार्ज घेताना जुने सर जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेड स्टॉक, आवक-जावक, हालचाल रजिस्टर असे सगळे मोजून देतील आणि तुम्ही सह्या कराल. पण कोणते कपाट किल्लीने उघडते आणि कोणते खाली डाव्या बाजूला लाथ मारल्यावर, हे यादीत नसते. ते शिपाईमामांना माहीत असते. त्यांच्याशी पहिल्या दिवशी गोड बोला. दुसऱ्या दिवशी बोललात तर त्यांना कारण कळते.

आदेश कसा वाचावा

प्रशिक्षणाचा आदेश रात्री येतो, साधारण पावणेअकराला, केंद्रातल्या शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. वर 'अतितात्काळ' असते. 'तात्काळ' असेल तर दोन दिवस आहेत असे समजावे आणि काहीच लिहिले नसेल तर मुदत कालच संपली आहे. नवखा मुख्याध्यापक आदेश पहिल्या ओळीपासून वाचतो. तिथे चार संदर्भ असतात, प्रत्येकाला क्रमांक आणि दिनांक असतो, ते वाचून आजवर कुणाचे भले झालेले नाही. अनुभवी माणूस शेवटून वाचतो. शेवटी 'अनुपस्थित राहिल्यास प्रशासकीय कारवाई प्रस्तावित करण्यात येईल, याची नोंद घ्यावी' असते, त्याच्या वर ठिकाण आणि वेळ. तेवढे पुरे. मग ग्रुपवर दोन जोडलेले हात टाकावेत. सगळे टाकतात, तुम्ही न टाकल्यास तेवढेच दिसते.

शाळा द्विशिक्षकी असेल तर गोष्ट तितकी गमतीची राहत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत दीडशेच्या वर मुले असल्याशिवाय मुख्याध्यापकाचे वेगळे पद नाही. त्यामुळे वाडीवस्तीवरचा 'शाळाप्रमुख' म्हणजे दोघांपैकी जो आधी रुजू झाला तो, आणि त्याच्याकडे स्वतःचे दोन-तीन वर्गही असतातच. तो नेतृत्वविकासाला गेला की पहिलीपासून चौथीपर्यंतची सगळी मुले एका खोलीत, एका बाईंसमोर. नेतृत्वाचा विकास त्या दिवसांत त्या बाईंचाच जास्त होतो, पण त्यांना प्रमाणपत्र मिळत नाही.

ज्ञान कुठून येते

दिल्लीत नीपा नावाची संस्था आहे. तिथे २०१२ मध्ये राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र सुरू झाले. स्वतःचा विकास, संघबांधणी, नवोपक्रम, समाजाशी भागीदारी आणि या सगळ्याच्या मध्यभागी वर्गातल्या शिकण्या-शिकवण्यात बदल, असा त्यांचा आराखडा आहे. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, कागद चांगला आहे. मी तो दिवाळीच्या सुटीत निवांत वाचला आणि आपण इतकी वर्षे काय करत होतो, असे वाटून चहा थंड झाला.

दिल्लीतले हे ज्ञान पुण्यात कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत उतरते. (तिचे नाव मध्यंतरी बदलले होते, पुन्हा पूर्वीचे झाले. लेटरहेड टाकून देऊ नयेत, हा नेतृत्वाचा धडा मी तिथूनच घेतला.) तिथून जिल्ह्याला डायट ही प्रशिक्षण संस्था, तालुक्याला गटसाधन केंद्र, मग आसपासच्या शाळांचे केंद्र. पुण्यात पाच दिवस चाललेले प्रशिक्षण जिल्ह्यात तीन दिवसांचे होते, तालुक्यात दीड दिवसाचे, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत दुपारी साडेतीनला 'पुस्तिकेचे वाचन करून घ्यावे' इतके उरते. पुण्याला गेलेले सुलभक, म्हणजे पुढे प्रशिक्षण देणारे, हुशार असतात, मन लावून ऐकून येतात. पण पाच दिवसांत उमगलेली गोष्ट दीड दिवसात सांगायची तर आधी उमगणेच गाळावे लागते. पीपीटी मात्र शेवटपर्यंत जशीच्या तशी पोहोचते.

सभागृहात

पंख्याखाली बसू नका, तिथे वीज गेल्यावर जास्त उकडते. दाराजवळ बसू नका, उद्घाटनाला उशिरा येणारे साहेब तिथूनच येतात आणि उठून उभे राहावे लागते. खिडकीजवळची चौथी रांग घ्या.

प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक झाले की सुलभक टाळी घ्यायला लावतील. पावसाची टाळी ही या क्षेत्रातली मूलभूत टाळी होय. तळहातावर आधी एक बोट, मग दोन, मग तीन, असा पाऊस वाढवत न्यायचा आणि पुन्हा ओसरवायचा. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले सर मान खाली घालून बोटे वाजवताना दिसले तर हसू नका. त्यांनी १९९५ पासून हा पाऊस पाडलेला आहे.

मग गट पडतात. गटांना नद्यांची किंवा गडांची नावे द्यायची. चार्ट पेपर आणि तीन स्केचपेन मिळतात, पैकी हिरवे वाळलेले असते. गटप्रमुख निवडताना ज्ञान, अनुभव वगैरे बघू नका, अक्षर बघा. विषय बहुधा 'आपल्या शाळेची बलस्थाने, उणिवा, संधी व धोके' हाच असतो. अशा कित्येक चार्टांवर मी सही केली आहे. बलस्थाने : निसर्गरम्य परिसर. उणिवा : पालकांची उदासीनता, अपुऱ्या खोल्या, नेटवर्क. धोके : इंग्रजी माध्यमाची व्हॅन. उणिवांच्या रकान्यात 'मुख्याध्यापक' हा शब्द मी एकदाही पाहिला नाही, आणि पेन माझ्या हातात असतानाही तो माझ्या हातून उतरला नाही.

जेवणाची सुटी

नवख्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

मसालेभात, बटाट्याची भाजी आणि जिलेबी यांच्या रांगेत राज्यातले खरे मुख्याध्यापक प्रशिक्षण चालते. सुलभक नसतो, पूर्वचाचणी नसते, सगळे बोलतात. जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख चुकली असेल तर खोडायची नाही, आधी कुणाची परवानगी आणायची, हे मला ताटात ताक घेताना कळले. यू-डायस प्लस या विद्यार्थीनोंदीच्या पोर्टलवर एक मूल दोन शाळांत दिसत असेल तर आधी कुठल्या शाळेला फोन करायचा, तेही तिथेच. २०२४ च्या मार्चमधला संचमान्यतेचा शासन निर्णय कुठल्याही पुस्तिकेत इतका नीट समजावलेला नसेल, जितका तो हात धुण्याच्या नळापाशी दोन जिल्ह्यांतल्या चार माणसांनी समजावला. कुणाचे पद जाणार, कोण अतिरिक्त ठरणार, समायोजन कुठे होणार. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले तरुण जुन्या पेन्शनचा विषय काढतात आणि आधी लागलेले ज्येष्ठ अचानक जिलेबीकडे बघू लागतात.

अशाच एका सुटीत शेजारच्या तालुक्यातल्या एक बाई माझ्या शेजारी बसल्या. वरणभात कालवता कालवता म्हणाल्या, "मी रोज एक तास कुणाच्या तरी वर्गात मागे जाऊन बसते, सर. शेरेबुक नेत नाही. नंतर चहाच्या वेळी फक्त एका मुलाबद्दल विचारते."

मी मुख्याध्यापक होऊन चार वर्षे झाली होती. वर्गात मीही जात होतो, पण लॉगबुक घेऊन, वर्षातून ठरलेल्या दिवशी, आणि त्या दिवशी वर्गात तक्ते लावलेले असत.

परत आल्यावर आठवी ब पासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी गणिताच्या मॅडमच्या हातातला खडू पडला आणि पन्नास मुले 'एक साथ नमस्ते' म्हणून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी निम्मीच उठली. आठव्या दिवशी कुणी ढुंकूनही पाहिले नाही, तेव्हा कुठे मला वर्ग दिसला. शेवटच्या बाकावरच्या दोन मुली फळ्यावरचे उतरवून घेत नव्हत्या, पुढच्या मुलीच्या वहीतून घेत होत्या. आळस म्हणावा तर वह्या पूर्ण होत्या. मी त्यांच्या बाकावर सरकून बसलो. सकाळच्या उन्हाची तिरीप बरोबर फळ्यावर येत होती आणि तिथून पांढरा चौकोन सोडून काहीच दिसत नव्हते. त्याच वर्षी मी देणगीदारांकडून प्रोजेक्टर मिळवला होता, वार्षिक अहवालात त्याचा फोटोही होता. खिडकीच्या पडद्याला एकशे ऐंशी रुपये लागले. चहाच्या वेळी मॅडमना मी त्या मुलींविषयी विचारले. त्यांनी दोघींच्या घरचे इतके सांगितले की घंटा दोनदा द्यावी लागली.

ऑनलाइन

२०१९ च्या ऑगस्टमध्ये निष्ठा आली. नावातच शाळाप्रमुख आणि शिक्षक दोघे असलेला, देशभरातल्या ४२ लाख जणांसाठी आखलेला कार्यक्रम. पुढच्या वर्षी करोनामुळे तो दीक्षा ॲपवर गेला आणि त्याचे अठरा भाग झाले. प्रत्येक भागाच्या शेवटी चाचणी, ती झाली की प्रमाणपत्र.

नवख्याने इथे घाई करू नये. भाग खुला होण्याआधीच त्याची उत्तरे ग्रुपवर येतात, फक्त पर्यायांचा क्रम बदललेला असतो, तेवढे बघून घ्यावे. व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडता येते. आमच्या घरी नववीतल्या मुलीने माझे सात भाग पूर्ण केले, टाळेबंदीत तिला दुसरे काही नव्हते. मूल्यमापन या विषयावर ती आजही माझ्यापेक्षा जास्त अधिकाराने बोलते आणि प्रगतिपुस्तक हाती आले की विशेष बोलते.

अभ्यासदौरा

२०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आले आणि साताऱ्याजवळचे कुमठे बीट एकाएकी तीर्थक्षेत्र झाले. ज्ञानरचनावाद म्हणजे काय, हे तिथल्या जिल्हा परिषद शाळांत दिसत होते. मुले जमिनीवर गटात बसून स्वतःच वाचत होती, एकमेकांना शिकवत होती. गाड्या भरभरून मुख्याध्यापक गेले, आम्हीही गेलो, वाटेत कंदी पेढे घेतले.

दौऱ्यात काय बघावे? मुले काय करतात ते, आणि त्यांच्या शिक्षिका कधी गप्प राहतात ते. आम्ही काय बघितले? फरशी. तिच्यावर रंगवलेली अक्षरे, आकडे, चौकटी. महिन्याभरात आमच्या शाळेची फरशी रंगली. ऑइलपेंटचे डबे डेड स्टॉकला लावायचे की खर्ची टाकायचे, यावर लेखनिकांशी माझे तीन दिवस चालले. अक्षरे वर्षभरात बुटांखाली पुसली गेली. पुढचा दौरा दुसरीकडे होता.

पदविका आणि इतर

नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका, म्हणजे डीएसएम, करून घ्या. नावापुढे चांगली दिसते. पुस्तकेही बरी आहेत, परीक्षेच्या आधी उघडलीत तर.

पन्नास तासांचा हिशेब

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक विकास सांगितला, आणि मुख्याध्यापकालाही तितकाच. ते कसे भरायचे? तालुक्याचा दीड दिवस म्हणजे बारा तास धरा, त्यात साहेबांची वाट पाहणेही येते. ऑनलाइनचे वीस. शिक्षण परिषदेचे उरलेले. वही ठेवा, प्रमाणपत्रांची फाइल ठेवा, लॅमिनेशन करू नका, पडताळणीत मागचा शिक्का दिसत नाही.

वर्गात मागे बसलेले तास त्यात धरता येतील का, असे मी एकदा विचारून पाहिले होते. त्याला लिंक नाही, असे उत्तर आले.

तरी मी जात राहिलो. तेविसाव्या दिवशी आठवी ब मध्येच होतो. अपूर्णांकांचा भागाकार चालला होता आणि पडदा ओढलेल्या खिडकीजवळच्या त्या दोघींपैकी एकीने पहिल्यांदा हात वर केला. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. ग्रुपवर लिंक आली होती, अतितात्काळ, दुपारी एकपर्यंत भरायची. विषय होता, मुख्याध्यापकांनी चालू महिन्यात वर्गनिरीक्षणासाठी दिलेला वेळ. माहिती नसल्यास 'निरंक' नमूद करावे.

वर्गात लिंक उघडण्यापुरते नेटवर्क नव्हते. मी उठलो.