पत्रकार परिषदेचं पूजासाहित्य

सत्यनारायणाच्या पूजेला काय काय लागतं, याची यादी गुरुजी आदल्या दिवशीच पाठवतात. विड्याची पानं, सुपाऱ्या, केळी, सव्वा किलो रवा, दक्षिणेला सुटे पैसे. लोकांच्या गळ्यातला ताईत असलेल्या नेत्याच्या पत्रकार परिषदेलाही अशीच यादी लागते. तिथल्या यादीत ‘सत्य’ तेवढं नसतं.

केळी आधी. 4 मार्च 2020 रोजी ब्राझीलच्या आदल्या वर्षीच्या अर्थवाढीचा आकडा आला: जेमतेम 1.1 टक्के. वार्ताहर तोच प्रश्न घेऊन ब्राझिलियात अध्यक्षांच्या निवासस्थानाबाहेर उभे. तेवढ्यात सरकारी गाडीतून एक टीव्हीवरचा विनोदवीर उतरला. अंगात सूट, छातीवर अध्यक्षांचा पट्टा. आल्या आल्या तो वार्ताहरांना केळी वाटू लागला. (तिकडे ‘केळं देणं’ ही हाताने करायची अचकट खूण असते. अध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांनी आधीच्याच महिन्यात ती वार्ताहरांना स्वहस्ते करून दाखवली होती.) मागोमाग खरे अध्यक्ष आले. अर्थवाढीचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी तोतयालाच पुढे केलं. प्रसाद वाटून झाला, उत्तर राहिलं.

आचमनाला पाणी लागतं. 2007 साली करण थापर यांच्या मुलाखतीत गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी काही मिनिटांतच पाणी मागितलं आणि माइक काढून ठेवला. मे 2019 मध्ये, पंतप्रधान म्हणून, ते पक्षाच्या पत्रकार परिषदेला आले. प्रश्नांना मात्र शेजारी बसलेल्या अमित शहांनीच तोंड दिलं. इतक्या कमी साहित्यात पूजा उरकणारा यजमान विरळाच.

संकल्प सोडताना स्थळाचा उच्चार चुकून चालत नाही. डोनाल्ड ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या आखाताचं ‘अमेरिकेचं आखात’ असं बारसं केलं. ‘असोसिएटेड प्रेस’ ही वृत्तसंस्था जुनंच नाव घेत राहिली, तेव्हा फेब्रुवारी 2025 मध्ये तिच्या बातमीदारांना ओव्हल ऑफिसचं दार बंद झालं.

चेक प्रजासत्ताकाचे अध्यक्ष मिलोश झेमान यांनी तर ऑक्टोबर 2017 मध्ये, दसरा उलटून गेल्यावर, शस्त्र काढलं. भेट मिळालेली लाकडी रायफल, तिच्यावर ‘पत्रकारांसाठी’ असं कोरलेलं आणि गोळ्यांच्या जागी दारूची बाटली. शस्त्र आणि तीर्थ एकाच वस्तूत. उपस्थितांनी हसून घेतलं असेल, नसेल.

राहिली दक्षिणा. ती शेजारच्या स्लोव्हाकियात दिली गेली. पंतप्रधान रॉबर्ट फिको यांनी नोव्हेंबर 2016 मध्ये पत्रकारांना ‘घाणेरड्या, स्लोव्हाकद्वेष्ट्या वेश्या’ म्हटलं होतं. पुढे फेब्रुवारी 2018 मध्ये यान कुत्सियाक हा 27 वर्षांचा शोधपत्रकार आणि त्याची होणारी बायको मार्टिना यांना घरात गोळ्या घालून मारलं. इटालियन माफियांचे धागे फिकोंच्या कार्यालयातल्या माणसांपर्यंत कसे जातात, हे तो लिहीत होता. हे शस्त्र लाकडाचं नव्हतं, आणि इथे यादीची गंमत संपते.

फिकोंनी पत्रकार परिषद बोलावली. टेबलावर नोटांच्या थप्प्या रचल्या: दहा लाख युरो, रोख. खुन्याचा माग देणाऱ्याला बक्षीस म्हणून. कॅमेऱ्यांनी अर्थातच नोटा टिपल्या.

रस्ते माणसांनी भरले आणि मार्चमध्ये फिकोंना राजीनामा द्यावा लागला. ऑक्टोबर 2023 मध्ये ते निवडून येऊन पुन्हा पंतप्रधान झाले. 2024 च्या जुलैत त्यांच्या सरकारने देशाची सार्वजनिक रेडिओ-टीव्ही संस्था बरखास्त करून तिच्या जागी नवी संस्था बसवली.