सापळा बॅच, सायंकाळी सहा

(फळा, टेबल, टेबलावर पत्त्यांच्या दोन गड्ड्या. क्लासचे सर डस्टर आपटत येतात. प्रेक्षक म्हणजेच बॅच.)

बसा, बसा. पालक मागे. ओ काका, मोबाइल! मुलांना ओरडता ना?

विषय : यु-गी-ओ. मूळ कॉमिक काझुकी ताकाहाशींचं, जपान, १९९६. कोनामीचे पत्ते आले १९९९ला. एका मार्काचा प्रश्न, पाठ करा, सोडून द्या.

मोठा प्रश्न ट्रॅप कार्डचा. (पत्ता उंचावून) जांभळी चौकट. हा पालथा ठेवायचा, आणि ठेवला त्या टर्नला उघडायचा नाही. नियमच आहे. ज्यांना धीर नाही त्यांनी शेजारच्या कॅरमच्या बॅचला जावं.

जोशी, ये समोर. लाइफ पॉइंट दोघांचे ८०००. मी दोन पत्ते पालथे ठेवले. माझं तोंड बघा. (चेहरा कोरा) काही दिसतंय? मागच्या बॅचला एका शहाण्याने मिरर फोर्स ठेवला आणि खुदकन हसला! समोरच्याने निमूटपणे सगळे मॉन्स्टर डिफेन्सला आडवे केले. मिरर फोर्स उडवतो ते फक्त अटॅकला उभे असलेले. गेला पत्ता फुकट.

हां, जोशी. एकच मॉन्स्टर, १२०० चा? कर अटॅक. (छातीला हात) आई गं! माझे राहिले ६८००. आता पहिल्या बाकावरून आवाज येणार, ‘सर, ट्रॅप उघडा ना!’ एवढ्याशा १२००साठी? घेतला मार. जोशीला वाटू दे, सरांकडे काही नाही. हे वाटणं विकत मिळत नाही, त्याला लाइफ पॉइंट मोजावे लागतात.

(दोन टर्न पुढे गेल्याची खूण) बघा, चढला जोशी. तीन मॉन्स्टर, तिन्ही अटॅकला, मधे ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन, ३०००चा. आईने वाढदिवसाला दिला वाटतं. कर, कर घोषणा. ‘अटॅक!’

(हळूच पत्ता उलटून) मिरर फोर्स.

तिन्ही गेले. रडू नकोस, पालक बघतायत. काय म्हणतोस? ‘थांबा, मिस्टिकल स्पेस टायफून! तुमचा पत्ता उडवला!’ उडवलास. शाब्बास. तरी तुझे तिन्ही मेले.

दरवर्षी अर्धी बॅच इथेच गटांगळ्या खाते! मिरर फोर्ससारखा पत्ता एकदा उघडला की नंतर तो फाडला तरी परिणाम व्हायचा तो होतोच. नोटीस हातात पडल्यावर पोस्टमनला मारून काय उपयोग? परिणामच रद्द करणारा पत्ता हवा. सेव्हन टूल्स ऑफ द बँडिट, १००० लाइफ पॉइंट मोजा, ट्रॅप रद्द. टायफून मारायचा तर तो पत्ता पालथा झोपलेला असताना.

आणि हो, जागा पाच आहेत म्हणून पाचही भरणारे महाभाग! समोरून हार्पीज फेदर डस्टर आला की पाचही साफ. (टेबलावर डस्टर फिरवतात, खडूची धूळ उडते, खोकतात) दोन ठेवा, फार तर तीन. बाकीचे हातात.

(मागून प्रश्न आल्यासारखं) काय मॅडम? सीईटीला उपयोग? शून्य. पुढचा प्रश्न?

चल जोशी, पुढचा टर्न. नवा मॉन्स्टर आणलास? २४००! माझ्याकडे मॉन्स्टर एकही नाही, समोर मैदान मोकळं. का थांबलास? या दुसऱ्या पत्त्याकडे काय बघतोस? (बोटाने पत्ता जरासा सरळ करतात) कर की अटॅक.

टर्न सोडला! बरं. अजून एक? तोही सोडला! (प्रेक्षकांकडे, दबक्या आवाजात) पालथा पत्ता ट्रॅपच असला पाहिजे असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय? हिरवा स्पेलसुद्धा पालथा ठेवता येतो. आत्ता काही कामाचा नसलेला, अगदी रद्दी स्पेलसुद्धा.

(मागच्या रांगेकडे) काय काका? हा नक्की कुठला आहे ते सांगू?

(पत्ता उचलून खिशात घालत) चिरंजीवांची दुसऱ्या हप्त्याची फी भरलीत का?

(अंधार.)